बेटावर नेलेली फाईल

सासूने हनिमूनला लगेच हो म्हटलं, तिथूनच माझ्या मनात संशय शिरला.

हा शब्द आमच्या पाड्यावर तोपर्यंत कुणी मोठ्याने उच्चारला नसावा. तलासरीच्या आमच्या बाजूला लग्न झालं की दोन दिवस पाहुणे राहतात, नाचतात, जेवतात. तिसऱ्या दिवशी नवरी पाण्याला जाते आणि चौथ्या दिवशी सगळ्यांबरोबर कामाला. लग्नानंतर दोघांनीच कुठेतरी जाऊन राहायचं असतं, हे मला डहाणूच्या कॉलेजातल्या मैत्रिणींकडून कळलं होतं. त्यांच्या बोलण्यात महाबळेश्वर असायचं, गोवा असायचं. मी ऐकून घ्यायची. आपल्याला त्याच्याशी काही करायचं आहे असं कधी वाटलं नाही.

माझा नवरा तेव्हा घोलवडला चिकूच्या एका नर्सरीत कामाला होता. कलमं बांधायची, पिशव्या भरायच्या, फळांच्या दिवसांत खोकी भरून गाडीत चढवायची. त्याच्या मालकाच्या ओळखीची एक बाई खाडीपलीकडे राहत होती. तिने घरामागे दोन खोल्या बांधल्या होत्या आणि नर्सरीच्या फाटकावर एक कागद लावायला दिला होता. त्यावर लिहिलं होतं, शांत बेट, समोर समुद्र, घरचं जेवण, नवीन जोडप्यांसाठी खास. मालक म्हणाला, आमच्या माणसाकडून पैसेही कमी घेतील, जाऊन या. नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता चुलीकडे बघत होता. मला वाटलं सासू हसेल किंवा चिडेल. ती म्हणाली, जा, तीन दिवस राहून या, पोरीला हवा लागेल.

मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण माझा संशय समजायचा तर आधीची एक गोष्ट कळायला हवी. माझ्या माहेरी कॉलेजात गेलेली मी पहिली. तेव्हा, म्हणजे २०१७ च्या माघात, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. लग्न ठरताना माझ्या बापाने एकच अट घातली होती, पोरीचं शेवटचं वर्ष पुरं होऊ द्या. ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सासूनेही हलवली. पण लग्नानंतर आठवड्याभरात पाड्यावरचे लोक नवऱ्याला चिडवायला लागले. तो दहावीला नापास झालेला. एक जण विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, बायको मॅडम होणार आणि तू तिचा डबा घेऊन मागे मागे जाणार. सगळे हसले, नवराही हसला. सासू हसली नाही. तिने घडा उचलला आणि घरी आली. त्या दिवसापासून मी पुस्तक घेतलं की तिला काहीतरी काम आठवायचं.

लग्नाच्या धावपळीत परीक्षेचा फॉर्म भरायची पहिली तारीख माझ्या हातून गेली होती. उशिरा भरणाऱ्यांची एक तारीख उरली होती. कॉलेजच्या फळ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की विद्यार्थ्याने स्वतः यायचं, समोर सही करायची, आधीच्या गुणपत्रिका आणायच्या. ती तारीख चुकली तर माझं वर्ष जाणार होतं. आणि एकदा वर्ष गेलं की मला पुन्हा कोणी कॉलेजात पाठवणार नाही, याची मला खात्री होती. कोणी नाही म्हणणार नव्हतं. फक्त भात लावणी येईल, मग मूल होईल, मग ती गोष्ट कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

बेटावर राहायचा तिसरा दिवस आणि फॉर्मची तारीख एकच होती.

मी ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तिसऱ्या दिवशी सकाळी निघू, तू परस्पर कॉलेजात जा. हे त्याने इतकं पटकन सांगितलं की मला पुढे काही विचारता आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी माझी पत्र्याची पेटी उघडली तर फाईल नव्हती. निळी, रबर लावलेली फाईल. तिच्यात माझं सगळं होतं, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, ओळखपत्रं. मी पेटी रिकामी केली, गोधड्या झटकल्या, भाताच्या कणगीमागे पाहिलं. सासू भाकरी थापत होती. मी विचारलं तर म्हणाली, उंदीर फार झालेत घरात. एवढंच. नवरा बाहेरून हाक मारत होता, गाडी आली, उशीर झाला तर होडी लागणार नाही. मी रडवेली होऊन त्याला सांगितलं. तो बॅग खांद्यावर टाकत म्हणाला, “मिळेल गं.”

गाडीत मी त्याच्या शेजारी बसले होते आणि त्या एका शब्दाचा विचार करत होते. जिची वस्तू हरवते तिच्याबरोबर माणूस निदान शोधायला तरी लागतो. हा कसा इतका शांत? डहाणू रोडला उतरून आम्ही रिक्षा केली आणि खाडीवर पोचलो. खाडी काठोकाठ भरली होती. मी तीन वर्षं डहाणूला येत होते, समुद्र लांबून पाहिला होता, पण एवढं पाणी पायाशी कधी आलं नव्हतं. आम्ही दोघं डोंगराकडची माणसं, आमच्याकडे पाणी वरून येतं आणि खाली जातं. ते खालून वर येतं हे मला फक्त भूगोलात माहीत होतं.

होडीवाला त्या घरवाल्या बाईचा दीर होता. पलीकडे उतरल्यावर त्याने नवऱ्याला बाजूला घेतलं आणि काहीतरी सांगितलं. नवऱ्याने मान हलवली आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, काय म्हणाला? तो म्हणाला, काही नाही, इथलं असंच.

घर सुरूच्या झाडांत होतं. पुढे वाळू, बाजूला बांबूवर आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. बाई साठीच्या आसपासची, दणकट, कमरेला पदर खोचलेला. तिने आम्हाला पाणी दिलं आणि ओट्यावर बसवून आमच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आम्ही जेवढं तिच्याकडे संशयाने बघतोय तेवढंच तीही आमच्याकडे बघतेय. माझ्या गळ्यात साधी काळ्या मण्यांची पोत होती. मी नवऱ्याला सहज म्हणाले, “अरे, बॅग उन्हातून उचल.” बाईने लगेच त्याला विचारलं, “लग्न झालंय ना रे तुमचं?”

आमच्याकडे बायका नवऱ्याला अरे-तुरेच करतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण किनाऱ्यावरच्या घरांत तसं नसावं. नवरा गडबडला. झालं, झालं, म्हणत त्याने बॅग उघडली, कपड्यांखाली हात घातला आणि माझी निळी फाईल बाहेर काढली.

त्याने रबर काढून फाईल बाईपुढे धरली, जणू त्यातला कुठला तरी कागद आपोआप पुढे येऊन त्याची बाजू घेईल. बाईला वाचता येत होतं. तिने माझं आधार कार्ड पाहिलं, कॉलेजचं ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाली, हे तर बापाचं नाव आहे. लग्न होऊन तीन आठवडेच झाले होते, नाव कुठे बदललेलं असणार. लग्नपत्रिका आमच्याकडे छापत नाहीत. शेवटी मी दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडेला अजून हळद होती. तिने ती पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि खोलीची किल्ली दिली. किल्ली माझ्या हातात दिली, त्याच्या नाही.

फाईल बंद करताना माझ्या नाकाला धुराचा वास आला. कागदांना धूर लागला होता.

खोलीत गेल्यावर मी विचारलं, फाईल तुझ्याकडे होती तर सकाळी बोलला का नाहीस? तो म्हणाला, ओळखीचा कागद लागतो म्हणून मालकाने सांगितलं होतं, कुठला ते मला काय कळतंय, सगळीच उचलली. मग सकाळी का नाही सांगितलंस? यावर तो बॅगेची चेन लावत राहिला. फाईल मी मागितली तर म्हणाला, इथे ओल आहे, वाळू आहे, बॅगेतच बरी. आणि त्या रात्री बॅग डोक्याखाली घेऊन झोपला. उशी होती, तरी.

मला वाटायला लागलं की सगळं ठरवून चाललंय. सासूचं पटकन हो म्हणणं, एवढी स्वस्त खोली, होडीवाल्याचं कानात बोलणं, डोक्याखालची बॅग. खोली स्वस्त का, हेही मी शोधत होते. संडास अंगणापलीकडे होता आणि पंखा एकाच वेगाने फिरायचा, पण तेवढ्याने माझं समाधान होत नव्हतं. मी लग्नाआधी त्याला फक्त दोनदा भेटले होते. तो वाईट माणूस नाही असं वाटायचं. पण वाईट नसलेली माणसंच आईचं ऐकतात.

हनिमूनला नक्की काय करतात हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, दिवसभर समुद्र बघायचा असतो. आम्ही वाळूत बसून बघितला. एका तासाने त्याची बोटं चुळबूळ करायला लागली. हाताला काम नाही अशी त्याची सकाळ कधी गेलीच नसेल. मग तो उठला आणि बाईचं मोडकं कुंपण बांधायला लागला. बाई नको नको म्हणाली, पण सुतळी आणून दिली. मध्येच त्याने बॅगेतून दोन चिकू काढले, सोलून, बिया काढून पानावर ठेवले आणि माझ्यापुढे सरकवले. चिकू फार गोड होते. मला ते खाताना बरं वाटलं आणि बरं वाटतंय याची भीतीही वाटली. वाळूत छोटे खेकडे आमची चाहूल लागली की भोकात शिरत होते. मी त्याला ते दाखवले, तो हसला, आणि थोडा वेळ मी फाईल विसरले. मग आठवली.

दुपारी तो झोपला तेव्हा मी बाईकडे गेले. ती बोंबील उलटत होती. मी न विचारता दुसऱ्या टोकापासून उलटायला लागले. तिला मी मावशी म्हणायचं ठरवलं होतं. काही वेळ ती माझं काम बघत होती. मग हात न थांबवता म्हणाली, “खरं बोल गो पोरी. पळवून आणलंय का त्यानं तुला? तुझे सगळे कागद त्याच्या बॅगेत, आणि तू कालपासून त्या बॅगेकडे बघतेस.”

तिच्या डोळ्यांत खरी काळजी होती. मला एका क्षणी वाटलं, हो म्हणावं. पण ते खरं नव्हतं. मी तिला फॉर्मचं सांगितलं. तारीख सांगितली, विहिरीवरचं बोलणं सांगितलं, सासूचे उंदीर सांगितले. मग विचारलं, उद्या सकाळी होडी किती वाजता निघते?

“उद्या पुनव,” ती म्हणाली. “उधाणात पाण्याला ओढ असते, सगळी गडीमाणसं मोठ्या बोटीवर डोल जाळी लावायला जातात. उद्या संध्याकाळपर्यंत होडी नाही. माझ्या दिरानं तुझ्या नवऱ्याला उतरल्या उतरल्या सांगितलंय की.”

माझ्या हातातला बोंबील वाळूत पडला. तो मी उचलला, झटकला आणि परत दोरीवर टाकला. म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला इथून निघता येणार नाही, आणि तो चिकू सोलत बसला होता. आजवर मी संशय घेत होते, आणि आत कुठेतरी तो खोटा ठरावा म्हणून वाट बघत होते. आता ते संपलं. मी तिथेच खाली बसले.

मावशीने मला थोडा वेळ बसू दिलं. मग तिच्या आवाजात हसू आलं. होडीचं काय घेऊन बसलीस, म्हणाली, आम्ही बाया डोक्यावर टोपल्या घेऊन बाजाराला काय उडत जातो? पुनवेला पाणी जसं चढतं तसंच उतरतं. पहाट फुटली की खाडी कोरडी पडते, मधल्या पाटात गुडघाभर पाणी, बाकी वाळू. हे बेट म्हणजे अर्ध्या दिवसाचं बेट आहे. मी विचारलं, मग नर्सरीच्या कागदावर बेट का लिहिलं? ती म्हणाली, नाहीतर कोण येईल.

तिने मला वेळ सांगितली आणि एक गोष्ट बजावली. बायांच्या मागे मागेच चालायचं, त्यांच्या पावलांत पाऊल टाकायचं, बाजूला चिखल ओढून घेतो.

त्या संध्याकाळी लपवण्यासारखं माझ्याकडेही काहीतरी होतं. नवऱ्याने भात वाढून घेताना विचारलं, मावशी काय म्हणत होती? मी म्हणाले, काही नाही, इथलं असंच. त्याने मान वर करून पाहिलं. हे त्याचंच वाक्य होतं, पण त्याला ते आठवलं की नाही कळलं नाही.

पहाटे मी उठले. अंगणात टोपल्यांचा आवाज येत होता. बॅग त्याच्या डोक्याखाली होती. मी एका हाताने त्याचं डोकं थोडं उचललं, लहान मुलाचं उचलतात तसं, आणि दुसऱ्या हाताने बॅग ओढली. चेन उघडली तेव्हा तो जागाच होता.

“कुठे?” त्याने विचारलं.

“कॉलेजात.”

“होडी नाही.”

“तुला माहीत होतं.”

तो उठून बसला. बाहेर मावशी मला हाक मारत होती. मी फाईल छातीशी धरून उभी होते आणि तो दारात आडवा आला असता तर काय केलं असतं हे मला माहीत नव्हतं. तो आडवा आला नाही. तो जमिनीकडे बघत बोलायला लागला. आईने सांगितलं होतं, तीन दिवस तिकडेच राहा, तारीख जाऊ दे, मग कुणाशी भांडायला नको. मी तिला हो म्हटलं. होडी नाही म्हणून कळलं तेव्हा वाटलं, चला, आता आपल्याला काही करायलाच नको, पाण्यानेच केलं.

मी विचारलं, मग फाईल का आणलीस? घरीच राहू द्यायची होती. तो म्हणाला, “आईने ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवली होती. मी काढली. का काढली ते मला सांगता येत नाही. तिच्यासमोर बोललो असतो तर तिने परत घेतली असती.”

मला त्याचं खरं वाटलं आणि खोटंही. त्याने आईला हो म्हटलं होतं आणि मलाही हो म्हटलं होतं. दोघींना दिलेला शब्द एकाच बॅगेत घालून तो खाडी ओलांडून आला होता. भांडायला वेळ नव्हता. मी बाहेर पडले.

परवा काठोकाठ भरलेली खाडी खरंच गेली होती. ओली करडी वाळू, मध्ये चमकणारा एक पाट, आणि पलीकडचा काठ इतका जवळ की तिथला कुत्रा दिसत होता. पाच-सहा बाया डोक्यावर टोपल्या घेऊन एका रांगेत उतरत होत्या. मी मावशीच्या मागे लागले. पायाखाली वाळू थंड आणि घट्ट होती. थोडं अंतर गेल्यावर मागे पावलं वाजली. नवरा येत होता, दोघांच्या चपला हातात घेऊन. पाटापाशी पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि ओढायला लागलं. मी फाईल डोक्यावर धरली. माझा तोल गेला तसा त्याने माझा दंड पकडला. मी पहिल्यांदा फाईल घट्ट धरली आणि मग त्याचा हात. मावशीने मागे वळून पाहिलं आणि पुढच्या बाईला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या.

कॉलेजचं ऑफिस उघडायला वेळ होता. आम्ही पायरीवर बसलो, पायांवरचं मीठ वाळून पांढरं झालं होतं. ऑफिस उघडलं तेव्हा नवरा बाहेरच्या बाकावर थांबला. क्लार्कने फॉर्म दिला, मी भरला. नाव काय लिहायचं, आता बदललंय का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, कागदांवर आहे तेच. मग त्याने गुणपत्रिका मागितल्या. मी फाईलमधून एक एक काढून खिडकीत ठेवायला लागले. पाचव्या सत्राची, चौथ्याची, तिसऱ्याची. खाली एक जास्तीचा कागद होता, चारदा घडी घातलेला, धुराने तपकिरी झालेला. क्लार्कने तो उलगडून पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला. हा तुमचा नाही, म्हणाला.

तो माझ्या नवऱ्याचा होता. दहावीची गुणपत्रिका, गणितात आणि इंग्रजीत नापास. कडा धुराने ठिसूळ झाल्या होत्या. हा धूर तीन आठवड्यांचा नव्हता, बऱ्याच वर्षांचा होता.

मी सही केली, पावती घेतली, पावतीवरचं नाव दोनदा वाचलं. बाहेर येऊन मी तो कागद नवऱ्यापुढे धरला. हा तू ठेवलास फाईलमध्ये? त्याने तो ओळखला आणि त्याचे कान लाल झाले. नाही, तो म्हणाला, हा मी नापास झालो त्या दिवशी फाडायला निघालो होतो, आईने हातातून घेतला, मग कुठे गेला मला माहीत नाही.

आमच्याकडे बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. नागलीची कणसं, काकडीच्या बिया, पुढच्या वर्षाला लागणारं सगळं. धुरात कीड लागत नाही, उंदीर येत नाहीत. सासूला वाचता येत नाही. तिने मुलाची गुणपत्रिका तिथे ठेवली होती, आणि माझी फाईल तिथेच नेऊन त्या कागदाची घडी आत सरकवली होती. लपवायला की जपायला, मी त्या बाकावर बसून खूप विचार केला. लपवायला म्हणावं तर तिने मुलाला तीन दिवस राहायला सांगितलं होतंच. जपायला म्हणावं तर उंदरांचं ती खरंच बोलली होती. मला वाटतं तिने दोन्ही केलं. पण मला वाटतं एवढंच.

पाणी उतरेपर्यंत परत जाता येणार नव्हतं. आम्ही दिवसभर डहाणूत फिरलो, वडापाव खाल्ला, किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो. तोच आमचा खरा हनिमून, असं मी नंतर मैत्रिणींना सांगितलं. त्या दिवशी मात्र आम्ही फारसे बोललो नाही. संध्याकाळी मावशीबरोबर वाळू तुडवत परत गेलो. बाजारात विकून उरलेल्या बोंबलांची तिने माझ्यासाठी एक पुडी बांधली. ती देताना म्हणाली, तुझ्या सासूला दे, आणि कुठून आलीस ते सांग.

दुसऱ्या दिवशी भरतीला होडी लागली आणि आम्ही दुपारपर्यंत घरी पोचलो. सासू अंगणात होती. तिने मला पाणी दिलं आणि मुलाला विचारलं, “होडी मिळाली का रे काल?”

त्याचं उत्तर ऐकण्यासाठी मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून तसाच धरून ठेवला.

“चालत गेलो,” तो म्हणाला. “खाडी कोरडी पडते. मीच नेलं तिला.”

हे खरं नव्हतं. त्याने मला नेलं नव्हतं, तो माझ्या मागून आला होता. तो मला आईच्या रागापासून वाचवत होता, की नसलेलं काम स्वतःच्या नावावर लावत होता, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. पण तो ते आईच्या तोंडावर बोलला, आणि मी त्याला खोटं पाडलं नाही.

सासूने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी आधी बोंबलांची पुडी दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि हात तसाच पुढे ठेवला. मी फाईल दिली. ती आत गेली, शिडी लावली, वर चढली. मी खाली उभी राहून बघत होते. तिने फाईल नागलीच्या कणसांशेजारी ठेवली आणि उतरताना म्हणाली, “लागेल तेव्हा सांग, बाय. शिडी मी लावीन.”

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती लाकडाला गेली तेव्हा शिडी लावून वर जाऊन पाहिलं. फाईल होती, आत सगळे कागद होते, नवऱ्याचाही. परीक्षा होईपर्यंत मी असं अधूनमधून जाऊन बघत होते. एकदा नवऱ्याने शिडीवर मला पकडलं. तो शिडी हलू नये म्हणून धरून उभा राहिला.

निकाल लागला आणि शेवटची गुणपत्रिका घेऊन मी घरी आले तेव्हा सासूने पुन्हा तसाच हात पुढे केला. मी लगेच दिली. तलासरीला उतरल्यावर दोन झेरॉक्स काढल्या होत्या, एक माहेरी ठेवली होती.